कोल्हापूरची जैन बाई कुठल्या मालिकेत बसते?



आजचा लेख जरा भांडणाचा आहे, हे आधीच सांगते. दशलक्षण पर्व जवळ येतंय. गावोगावच्या महिला मंडळांत नाटुकल्यांच्या तालमी सुरू होतील. त्या सुरू व्हायच्या आत हे बोललेलं बरं.

माझं भांडण साच्यातल्या माणसांशी आहे. मालिकेत, सिनेमात, कथेत नवं पात्र आलं की त्याचं आडनाव, गाव आणि साडी बघून ते पुढे काय करणार हे आपल्याला आधीच कळतं. लेखकाला कष्ट नाहीत, आपल्यालाही नाहीत. करंजीसुद्धा आपण साच्यातूनच काढतो, पण तिच्यात निदान सारण तरी भरतो. या पात्रांत तेवढंही नसतं.

आता आपलंच उदाहरण घ्या. आपण कोल्हापूरच्या आणि आपण जैन. पडद्यावरचं कोल्हापूर कसं असतं? तालीम, लाल माती, फेटा, मिशीला पीळ, वाक्यागणिक 'भावा' आणि जेवायला तांबडा-पांढरा रस्सा. 2016 साली झी मराठीवर 'तुझ्यात जीव रंगला' सुरू झाली. तिचं चित्रीकरण आपल्याच वसगड्यात झालं आणि तो वाडा बघायला लोक लांबून गाड्या करून येत होते. त्यातल्या राणा पैलवानाशी माझं काही वाकडं नाही. कोल्हापूरला पैलवान आहेत, तालमी आहेत, आणि शाहू महाराजांच्या कुस्तीप्रेमाचा आपल्यालाही अभिमान आहे. पण कोल्हापूर म्हणजे तेवढंच, असं एकदा ठरून गेलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला आपण खोट्या वाटायला लागतो. "कोल्हापूरच्या ना? मग तांबडा रस्सा कधी खिलवताय?" हे वाक्य तुमच्यापैकी कितीजणींनी किती वेळा ऐकलंय? "आमच्यात चालत नाही हो" म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा होतो, जणू आपण त्याचं काहीतरी लुबाडलंय.

आता पडद्यावरचा जैन बघा. तो बहुतेक वेळा शेठजी असतो. पांढरे कपडे, पोट सुटलेलं, बोलणं हिंदी-गुजराती वळणाचं, आणि सगळं लक्ष गल्ल्याकडे. त्याच्या बायकोच्या अंगावर दागिन्यांची रास, तोंडात उपवासाची नाहीतर खाकऱ्याची गोष्ट. दोघंही विनोदासाठी ठेवलेले.

या दोन्हींत आपण कुठे बसतो? कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातला जैन समाज पिढ्यानपिढ्या शेती करत आलाय. आपली आडनावं पाटील, चौगुले, मगदूम, खोत. आपल्या सासवा पहाटे उठून म्हशींची धार काढणाऱ्या, उसाच्या लावणीला बायका गोळा करणाऱ्या, आणि तरी पाणी गाळून पिणाऱ्या, दिवस मावळायच्या आत ताट धुऊन ठेवणाऱ्या. मराठी ही आपल्या घरातली भाषा, आणि सीमेवरच्या घरांत कानडी. असली बाई मी आजवर एकाही मालिकेत पाहिली नाही.

आणि हा समाज काही कोपऱ्यात दडलेला नाही. कर्मवीर भाऊराव पाटील 1887 साली कुंभोजला जैन घरात जन्मले, आणि 1919 साली त्यांनी सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेत बहुजनांची लाखो मुलं शिकली. अण्णासाहेब लठ्ठे यांनी शाहू महाराजांचं इंग्रजी चरित्र लिहिलं आणि 1937 साली ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा 1899 पासून काम करते आहे. ऊसदरासाठी रस्त्यावर बसणारे राजू शेट्टी शिरोळचे, जैन शेतकऱ्याच्या घरातले. कुणाला त्यांचं राजकारण पटो न पटो, पण गल्ल्यावर बसलेल्या शेठजीच्या साच्यात ते काही मावत नाहीत.

तुम्ही म्हणाल, बाई, करमणुकीसाठी लावलेल्या मालिकेचं एवढं काय मनाला लावून घेता? सांगते. साचा आधी दुसऱ्याची फसवणूक करतो आणि मग आपली.

एका वधू-वर मेळाव्यात मुलीची आई मला म्हणाली, "आपण जैन ना? मग शेतकरी कशाला बघायचा? एखादं दुकान, शोरूम असलेलं घर नाही का?" तिचे वडील, सासरे, दीर, सगळे शेतकरी. शिरोळ-हातकणंगले भागात पाच-सात एकर बागायती असलेली, तंबाखूलासुद्धा न शिवणारी, शिकलेली मुलं पस्तिशीला आली तरी लग्नाची थांबली आहेत. त्याची कारणं अनेक आहेत, शेतीचं उत्पन्न हे त्यातलं पहिलं, ते मी नाकारत नाही. पण 'खरा जैन' म्हणजे संगमरवरी दिवाणखान्यातला व्यापारी, हे चित्र आपल्या पोरींच्या डोक्यात आलं कुठून? आपल्या गावच्या बस्तीतून तर नक्कीच नाही. दुसऱ्यानं काढलेलं आपलं व्यंगचित्र आपणच आरशासारखं भिंतीवर लावलंय आणि त्यात बघून केस विंचरतोय.

आता जरा अवघड जागेवर येऊ. हा शेठजी आला कुठून? 1925 साली आपल्याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. त्यात तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. सावकाराच्या लबाडीनं शेतकऱ्याची जमीन जाते आणि त्याला शहरात गिरणीचा रस्ता धरावा लागतो. देवादिकांच्या कथा सोडून सिनेमा शेतकऱ्याच्या दुःखाकडे वळला, हा मोठाच पराक्रम होता. त्या काळी सावकारानं नाडलेली घरं होतीच, तेव्हा तो सिनेमा खोटा होता असं मी म्हणणार नाही.

त्याच्याही आधी, 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर उठले. गुजर-मारवाडी सावकारांच्या घरांतली कर्जखतं, चोपड्या त्यांनी बाहेर काढून जाळल्या. पुणे-नगर भागात हे लोण पसरलं. त्या सावकारांत जैन नव्हते असं म्हणणं हे खोटं बोलणं होईल. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे अतिचार सांगताना 'कूटलेखक्रिया' म्हणजे खोटा कागद करणं सांगितलंय, आणि अचौर्याच्या अतिचारांत खोटी मापं. श्रावक हे करायचेच नाहीत, तर आचार्यांना ते लिहून ठेवावं लागलं असतं का? तेव्हा 'आमच्यात कुणी तसा नव्हताच' हा बचाव मला नको.

पण मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. नोंद दोन्ही बाजूंनी लागते, जमेची आणि नावेची, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं. एकाच बाजूची खतावणी केली तर तेरीज जुळत नाही. 1875 चा पूर्ण हिशेब काय सांगतो? अमेरिकेत 1861 ते 65 यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शेतकऱ्याला सहज कर्ज मिळू लागलं. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारनं सारा वाढवला, आणि तो रोखीतच भरायचा होता. पीक येवो न येवो, सारा चुकत नव्हता. सारा भरायला शेतकरी सावकाराकडे, आणि सावकाराचा कागद वसूल करून द्यायला इंग्रजी कोर्ट तयार. लबाड सावकार या यंत्रातलं एक चाक होता, नक्की होता. पण यंत्र फिरवणारा साहेब गोष्टीतून गायब झाला आणि चष्मा लावून चोपडी उघडणारा शेठजी तेवढा शिल्लक राहिला.

माझा मुख्य आक्षेप हाच आहे. साच्यातलं पात्र कुणाला तरी वाईट दाखवतं, हा त्याचा लहान दोष. मोठा दोष असा की ते खऱ्या कारणाला लपायला जागा देतं. प्रेक्षक शेठजीला शिव्या घालून घरी जातो, आणि व्याजाचा दर काय होता, कागद कुणी लिहिला, सारा कुणी वाढवला, हे विचारायचं राहूनच जातं.

सासूचंही तेच. ललिता पवार यांचं नाव काढलं की तुमच्या डोळ्यांपुढे एक बारीक केलेला डोळा येतो ना? 1942 साली चित्रीकरणाच्या वेळी बसलेल्या थापडेनं त्यांच्या चेहऱ्याला इजा झाली आणि तो डोळा कायमचा अधू झाला. तोवर त्या नायिकेची कामं करत होत्या. पुढे तो दुखावलेला डोळाच दुष्ट सासूची खूण झाला. एका बाईची जखम घेतली आणि तिचा दुष्टपणाचा शिक्का केला! बाई इतक्या ताकदीच्या की 1955 च्या 'श्री 420' मध्ये केळी विकणारी मायाळू गंगामाई त्यांनीच केली. पण लोकांनी लक्षात काय ठेवलं, ते तुम्हाला माहीत आहे.

आणि सासू दुष्ट, सून सोशीक हे दाखवून आपण काय लपवतो? घर कुणाच्या नावावर आहे, पगार कुणाच्या हातात येतो, दोघींमध्ये भांडण लागलं की वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरून बसलेला पुरुष कोण, हे सगळं. दोन बायका स्वयंपाकघरात लढतात आणि तो शेवटच्या भागात येऊन "आई, तू चुकलीस" म्हणून मोठा होतो. मी सून होते आणि आता सासू आहे. दोन्ही वेळा भाजीत मीठ जास्त पडलं ते घाईमुळे, कटामुळे नव्हे.

यावर लेखकांची एक बाजू आहे आणि ती मांडायलाच हवी. ते म्हणतात, वीस मिनिटांच्या भागात दहा पात्रं असतात, प्रत्येकाचा जन्मापासूनचा इतिहास सांगत बसलो तर गोष्ट पुढे कधी जाणार? खरं आहे. पोस्टमनला येऊन पत्र देऊन जायचं असेल तर त्याचं मन उघडून दाखवायची गरज नाही. ओळख पटायला खूण लागते. तमाशातल्या मावशीला लोक बघताक्षणी ओळखतात आणि म्हणूनच ती बोलायच्या आधी हसतात. त्यात गैर काही नाही. पण खूण ही दारावरची पाटी आहे. पाटी वाचून माणूस घरात शिरतो, पाटीपाशीच बसून राहत नाही. पु. ल. देशपांड्यांचा अंतू बर्वा आधी नमुनेदार तिरकस रत्नागिरीकर म्हणूनच भेटतो. हसता हसता आपण पुढे जातो आणि त्या तिरकसपणाच्या मागचं एकटेपण दिसलं की हसू गळ्यात अडकतं. सुरुवात साच्यापासून झाली तरी चालेल. शेवटही तिथेच झाला, तर लेखकानं काम अर्ध्यावर टाकलं असं मी म्हणते.

आणि हे शिकायला आपल्याला लांब जावं लागत नाही. आपल्या रामकथेत रावणाला दहा तोंडं नाहीत. विमलसूरी आणि रविषेण आचार्यांनी सांगितलं की गळ्यातल्या हारातल्या रत्नांत त्याचा चेहरा उमटला आणि म्हणून तो दशानन. तो विद्याधर राजा आहे, विद्वान आहे, नको म्हणणाऱ्या स्त्रीवर बळजबरी न करण्याचं व्रत त्यानं घेतलंय. तरी त्यानं सीतेला पळवलं, आणि त्याचं फळ त्याला भोगावं लागलं. त्याचा दोष एका कणानं कमी केलेला नाही, पण त्याला राक्षसाचा मुखवटाही चढवलेला नाही. एवढं करून तो पुढे कधीतरी तीर्थंकर होणार, असंही आपलं पुराण सांगतं.

दुसरं उदाहरण तर कोल्हापूरच्या जवळचं आहे. उद्योतनसूरींनी 779 साली प्राकृतात 'कुवलयमाला' लिहिली. तिची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती आपल्या राजाराम कॉलेजातल्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी. 1959 साली तिचा मूळ ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात एक बाजार आहे आणि देशोदेशीचे व्यापारी. प्रत्येकाचं रूप, स्वभाव, बोली एकेका गाथेत. मराठे कसे, तर धट्टेकट्टे, सावळे, अभिमानी आणि भांडखोर! म्हणजे साचा बाराशे वर्षांपूर्वीही होता आणि तो एका जैन मुनींच्या लेखणीतून उतरला होता. पण बघा, तो बाजाराच्या गर्दीपुरता आहे. कथा ज्यांची आहे त्या पाचजणांची नावंच त्यांच्या दोषांवरून आहेत. मानभट, मायादित्य, लोभदेव अशी. लोभदेव तर व्यापारीच. आजचा मालिकालेखक त्याला पाचशे भाग लोभीच ठेवील. उद्योतनसूरी त्याला त्याच्या कर्माचं भान देतात, पश्चात्ताप देतात, दीक्षा देतात, पुढचे भव देतात. नावातच लोभ असलेला माणूस लोभातून बाहेर कसा पडतो, हीच तिथली गोष्ट आहे.

अनेकांत म्हणतात तो हाच ना? एकाच अंगाकडे बघून 'वस्तू एवढीच' म्हणणं याला आपल्याकडे एकांत म्हणतात, आणि त्याची गणना मिथ्यात्वात होते. प्रवचनात मान डोलावून घरी आल्यावर रात्री आठला तोच एकांत आपण मन लावून बघतो.

आता मंडळाच्या नाटुकल्यांकडे येते. त्यांत मोलकरीण नेहमी आगाऊ का असते? तिचं नाव नेहमी शांताबाई किंवा कांताबाई, पदर खोचलेला, बोली गावंढळ. तिनं "बाईसाहेब, पगार वाढवा" म्हटलं की हशा. अहो, आपल्या घरी येणाऱ्या बाईंनी पगारवाढ मागितली तर त्यात हसण्यासारखं काय आहे? जाड बाई दिसली की खाण्याचा विनोद, काळी दिसली की पावडरचा, दक्षिणेतला माणूस आला की 'अय्यो'. शेठजी म्हणून आपली टिंगल झाली की आपण निवेदन काढायला धावतो, आणि स्टेजवर दुसऱ्याची तीच टिंगल करून बक्षिसाचा डबा घरी नेतो. उपहासानं जीव दुखावणं ही हिंसाच आहे. ती वाणीची आहे, आणि टाळ्या मिळतात म्हणून ती अहिंसा होत नाही.

निवेदनावरून आठवलं. 'भावना दुखावल्या, मालिका बंद करा' या मार्गाला माझा विरोध आहे. त्यानं लेखक शहाणा होत नाही, तो फक्त घाबरतो. तो शेठजीचं आडनाव काढून टाकतो आणि साचा तसाच ठेवतो. जैन पात्र वाईट दाखवूच नका, ही मागणीही मला मान्य नाही. त्यानं आपण सगळ्या देव्हाऱ्यातल्या मूर्ती होऊ, आणि तोही एक साचाच.

मग करायचं काय? इंग्लंडातल्या एलायझा डेव्हिस या बाईंनी केलं ते. चार्ल्स डिकन्सनं 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये फॅगिन नावाचा ज्यू रंगवला होता, पोरांना चोऱ्या शिकवणारा. जागोजागी त्याचा उल्लेख नावानं नाही, तर 'तो ज्यू' असा. 1863 साली एलायझाबाईंनी डिकन्सला पत्र लिहिलं की तुम्ही आमच्या समाजावर अन्याय केलात. त्यांच्या यजमानांनी डिकन्सचंच घर विकत घेतलं होतं, एवढीच ओळख. आधी त्यानं स्वतःची बाजू मांडली. पण पुढच्याच कादंबरीत त्यानं रिया नावाचा भला ज्यू म्हातारा आणला. लोक त्यालाच निर्दय सावकार समजतात, पण मागे बसलेला खरा मालक दुसराच, आणि तो ज्यू नसतो. 1867 च्या आवृत्तीत 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधले 'तो ज्यू' असे कितीतरी उल्लेखही त्यानं काढले. मोर्चा नाही, बंदी नाही. एका संसारी बाईचं पत्र.

तेव्हा मैत्रिणींनो, पत्र लिहा. वाहिनीला लिहा, दिवाळी अंकाच्या संपादकांना लिहा. "आम्ही दुखावलो" एवढंच नको, "आम्ही अशा नाही, आम्ही अशा आहोत" असं लिहा. उसाचं बिल उशिरा आल्यावर घर कसं चालवलंत ते लिहा. चातुर्मासात कांदा-लसूण बंद असताना कोल्हापुरी चव कशी राखता ते लिहा. सुनेशी कशावरून वाद झाला आणि तो मिटला कसा, तेही लिहा. लेखकाला कच्चा माल मिळू दे. त्याला जे माहीतच नाही ते तो कुठून दाखवणार?

आणि या दशलक्षणात नाटुकलं बसवताना एकच नियम लावा. प्रत्येक पात्राला निदान एक वाक्य असं द्या, की जे ऐकून प्रेक्षकातली बाई म्हणेल, "अगं, हिचंही खरं आहे." मोलकरणीला द्या, सासूला द्या, शेठजीलाही द्या. विनोद राहू द्या, आपल्यालाही हसायला हवं असतं. पण खतावणी दोन्ही बाजूंनी लिहा, म्हणजे क्षमावणीच्या दिवशी स्टेजवरच्या त्या पात्रांची क्षमा मागायची पाळी येणार नाही.

जय जिनेंद्र.